डी ड्राइव्हमधली बाबांची वेल

नवरात्रातल्या अष्टमीला सकाळी मोताळ्यातल्या एका छपाईच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरून ‘बाबांची वेल’ नाहीशी झाली. बुलढाण्यात मला ते दुपारच्या आत फोनवर कळलं. फोन दुकानाचा धाकटा मालक गजानन याचा होता.

“सलीमभाऊ भेटून नाई राह्यले, म्हणून तुमाले लावला,” असं त्याने पहिल्याच वाक्यात सांगितलं.

विंडोज ९८ तेव्हा जुनं झालं होतं आणि एक्सपी नवं होतं. त्याआधी मी बुलढाण्याच्या एका स्थानिक दैनिकात पानं लावायचो. तिथे दोन गोष्टी शिकलो. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय बातमी लिहायची नाही आणि स्वतः पाहिलं नाही ते ‘पाहिलं’ म्हणायचं नाही. दैनिक बंद पडल्यावर मी बसस्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. सलीम त्याच दैनिकात माझ्या शेजारच्या टेबलावर होता. त्याने मोताळ्यात दुकान टाकलं.

आम्ही दोघं एकच काम एकाच ठिकाणी शिकलो. माझ्या दुकानात गिऱ्हाइकासाठी एक स्टूल होतं. सलीमच्या दुकानात बाक होता आणि त्यावर काम नसलेली माणसंही बसलेली असत. तो मशीन उघडायच्या आधी चहा मागवी, घरच्या म्हातारीची तब्येत विचारी आणि मग पेचकस हातात घेई. लोक चहालाच दुरुस्ती समजत. “सलीमभाऊचा हात लागला का मशीन चालू होते,” हे वाक्य मी घाटाखालच्या बहुतेक गिऱ्हाइकांकडून ऐकलं आहे. मी दुरुस्त केलेल्या मशीनसमोर बसूनसुद्धा ऐकलं आहे.

एका मशीनमध्ये दोन विंडोज ठेवण्याची तेव्हा गरज होती. मराठी अक्षरजुळणीचे जुने प्रोग्रॅम कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या खोबणीत एक लॉक खुपसल्याशिवाय चालत नसत, आणि ते लॉक ९८ वरच नीट चाले. रंगीत काम, कॅमेऱ्यातले फोटो, इंटरनेट हे एक्सपीवर बरं चाले. दोन मशीन घेणं परवडत नसलेली मंडळी एकाच मशीनमध्ये दोन्ही टाकून घेत. बटण दाबलं की काळा पडदा येई, ‘कोणतं हवं’ विचारी, आणि आपण निवडायचं.

एका वकिलाच्या टायपिस्टने मला दोन्ही विंडोज एकाच वेळी चालू करून द्यायला सांगितलं होतं. दोन बैल जुंपल्यावर गाडी जोरात जाते, असा त्यांचा हिशेब. चिखलीकडचे एक गुरुजी काळा पडदा आला की हात जोडून बसत. काही सेकंदांत काही निवडलं नाही तर मशीन स्वतःच निवडतं, हे त्यांना माहीत नव्हतं. देव रोज ९८ लाच कौल देतो, असं ते म्हणत.

मोताळ्याचं दुकान वेगळं होतं. तिथे ९८ आणि एक्सपी या दोन जावा होत्या.

थोरली शोभा, ९८ वर. लग्नपत्रिका, मयताच्या चिठ्ठ्या, सोसायटीच्या नोटिसा तिच्याकडे. धाकटी वैशाली, एक्सपीवर. ती लग्नाआधी बुलढाण्यात कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेली, रंगीत काम तिच्याकडे. सकाळची पाळी शोभाची, दुपारची वैशालीची. खुर्ची एक होती, पण उश्या दोन होत्या. पाळी बदलली की आधी उशी बदले, मग विंडोज.

त्यांचे सासरे जुने कंपोझिटर होते. शिशाचे खिळे जुळवून छापायचे, तेव्हापासून दुकान चालवलेलं. खिळे ज्या खणाखणांच्या लाकडी ट्रेमध्ये ठेवतात तिला छपाईवाले ‘केस’ म्हणतात. त्यांचा नियम होता: आपली केस आपण साफ करायची, दुसऱ्याच्या केसला हात लावायचा नाही. दुसऱ्याचा खिळा आपल्या केसमध्ये सापडला, तर विचारत बसायचं नाही, भंगाराच्या डब्यात टाकायचा. खिळे मिसळले की छपाई बिघडते, म्हणून हा नियम. खंडेनवमीला अवजारांची पूजा असते. आदल्या दिवशी प्रत्येकाने आपापली केस रिकामी करून पुसायची, हाही त्यांचाच नियम.

शिसं गेलं, कॉम्प्युटर आला, सासरेही गेले. नियम राहिले. हार्ड डिस्कचे भाग करतात आणि प्रत्येक भागाला मशीन एक इंग्रजी अक्षर देतं. मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीवर लिहिलं होतं: ‘डी – शोभा’, ‘ई – वैशाली’. दोन्ही पट्ट्यांना हळदीकुंकू लागलेलं. डी ही शोभाची केस होती, ई ही वैशालीची.

बाबांची वेल म्हणजे सासऱ्यांनी ब्रशने काढलेली पानाफुलांची चौकट. मोताळा तालुक्यात ती पत्रिकेवर असली की लोकांना लग्न नीट ठरल्यासारखं वाटे. मूळ कागद वाळवीने खाल्ले होते. त्याआधी शोभाने ते स्कॅन करून, एकेक पान साफ करून डी मध्ये ठेवले होते. त्याची दुसरी प्रत नव्हती. वैशाली घरात आली तेव्हा सासरे नव्हते. तिने त्यांना पाहिलं नव्हतं, आणि त्यांची वेल तिला वापरायला मिळत नव्हती. तिने बारशाच्या रंगीत पत्रिका सुरू केल्या होत्या, बाळाच्या फोटोसह. पत्रिकेच्या मागे बारीक अक्षरात ‘डिझाइन : वैशाली’ असं ती छापे. थोरलीचं नाव इतक्या वर्षांत कुठे छापलं गेलं नव्हतं.

ही माहिती मला गजाननने दिली. तो मला घ्यायला मोताळ्याच्या स्टँडवर आला होता. राजूरचा घाट उतरून बस थांबली तेव्हा तो पान थुंकून सरळ उभा राहिला.

“भाऊ, मोठा भाऊ कागद आणाले अकोल्याले गेला. घरात ह्या दोघी. मी मशीन बंदच करून टाकलं, म्हटलं कोणीच हात नका लावू. वहिनी म्हणते, वैशालीनं वेल पुसली. दसरा झाला का दुकान येगळं करा म्हणते.”

“तुमची बायको काय म्हणते?”

“ते तर रडूनच राह्यली. भाऊ, दसऱ्याले लोक सोनं वाटतात, आमी मशीन वाटून राह्यलो.”

दुकानात दोघी दोन कोपऱ्यांत उभ्या होत्या. आपट्याची पानं, झेंडू, पूजेचं सामान टेबलाखाली पिशवीत. ऑफसेट मशीन धुऊन झालेलं. मी आधी थोरलीला विचारलं, कारण सकाळची पाळी तिची होती.

“सकाळी केस पुसाले बसली,” शोभावहिनी म्हणाल्या. “डी उघडली, तं माहं एक बी काम नाई. एक बी नाई भाऊ! वेल नाई, पत्रिका नाई. सारे लेकरांचे फोटो. हिच्या बारशाचे. माही केस रिकामी करून आपलं सामान भरून ठेवलं हिनं.”

“मी काऊन भरू?” वैशालीवहिनी कोपऱ्यातून म्हणाल्या. “मले नवी डिस्क आणून देली ना सलीमभाऊनं. तीच भरून नाई राह्यली.”

“तुले वेल पाह्यजे होती. मले माहीत नाई का?”

“पाह्यजे होती, तं मागितली होती. पुसून मले काय भेटलं असतं?”

“माह्याजवळ राह्यली नसती. एवढंच भेटलं असतं.”

मी विचारलं, नवी डिस्क कधी बसवली? गजानन म्हणाला, पितृपंधरवडा संपल्यावर, घटस्थापनेच्या आधी. कोणी? सलीमभाऊनं. त्यानंतर ९८ वर काय काम झालं? शोभावहिनी म्हणाल्या, नवरात्रात पत्रिका नसतात, मशीनवर त्या आजच बसल्या.

इथे मी एक गोष्ट नोंदवतो. सलीमने डिस्क बसवली हे ऐकलं तेव्हा मला बरं वाटलं. मशीनमध्ये कोणीतरी नवं काही बसवलं असावं, हा घाटात बसमध्येच मनात धरलेला अंदाज खरा ठरत होता, आणि बिघाड सलीमच्या हातचा निघावा असं मला वाटत होतं.

मी मशीन चालू केलं, ९८ निवडलं. डी उघडली. रिकामी होती.

“फोटो कुठे आहेत?”

“टाकले,” शोभावहिनी म्हणाल्या. “दुसऱ्याचा खिळा आपल्या केसमधी सापडला तं काय करा लागते? बाबांनी सांगितलं तेच केलं.”

“टाकले म्हणजे, डब्यात की कायमचे?”

“शिफ्ट दाबून.”

शिफ्ट दाबून पुसलं की ते कचऱ्याच्या डब्यात जात नाही, थेट जातं. वैशालीवहिनींनी हे ऐकलं, पण त्यांचा चेहरा बदलला नाही. ते फोटो त्यांच्या नव्या डिस्कवरचेच होते हे तोवर त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या समजुतीप्रमाणे फोटो एफमध्ये सुरक्षित होते. एक्सपीने नव्या डिस्कला एफ हे अक्षर दिलं होतं.

डीच्या खाली ई दिसत होती. मी माउस तिथे नेला.

“थांबा,” शोभावहिनी म्हणाल्या. “ते तिची आहे. माह्यासमोर तिची केस नका उघडू. उद्या म्हणन, पाह्यलं.”

“तुम्ही सकाळी ई उघडली नाही?”

“मी दुसरीच्या केसले हात लावत नाई.”

मी हात काढला. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, एक्सपी निवडलं आणि वैशालीवहिनींना बसायला सांगितलं. त्यांनी उशी बदलली. डी उघडली. पत्रिका, नोटिसा, आणि ‘बाबा’ नावाचं फोल्डर. त्यात वेल.

“हे काय, आहे ना!” गजानन ओरडला.

शोभावहिनी पुढे येऊन पडद्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “आता वापस ठेवलं. भाऊ आले म्हणून.”

“माह्या हातात मशीन होतं का?” वैशालीवहिनी म्हणाल्या. “सकाळपासून बंद आहे. तुमीच सांगा, हात लावला का मी?” बोलताबोलता त्यांनी आपली एफ उघडली. रिकामी होती. त्यांनी ती बंद करून परत उघडली. “माहे फोटो?” त्या म्हणाल्या. “ताई, माहे फोटो कुठी गेले?”

लोकांनी ते फोटो कॅमेऱ्यातून काढून दिले होते आणि कॅमेऱ्यातली कार्डं रिकामी झाली होती. बारशाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत.

मी मशीन तिसऱ्यांदा चालू केलं. ९८ निवडलं. या वेळी खुर्चीवर वैशालीवहिनी होत्या. “पट्टीवर ई तुमच्या नावाची आहे,” मी म्हटलं. “तुम्ही उघडा. त्याला कोणाची हरकत असू नये.”

त्यांनी ई उघडली. पत्रिका, नोटिसा, ‘बाबा’. त्यांनी माउस सोडला.

“ताई, हे माहं नाई. हे तुमचं आहे.”

काय झालं होतं ते मी आठवडी बाजारावरून सांगितलं, आणि इथेही तसंच सांगतो. बाजारात जागा नेमून देणारे दोन कारकून आहेत असं समजा. एक्सपी हा दुसरा कारकून: एकदा ज्याला जी जागा दिली ती त्याचीच, नवा माणूस आला की त्याला पुढची मोकळी जागा. ९८ हा पहिला कारकून: तो दर बाजाराला जागा नव्याने वाटतो. आधी रस्त्याकडेचे, मग आतल्या गल्लीतले. डिस्कचे भाग दोन प्रकारचे असतात, रस्त्याकडेचे आणि गल्लीतले. शोभावहिनींची केस पहिल्या डिस्कच्या गल्लीत होती. वैशालीवहिनींचं एक्सपीही गल्लीतच होतं, पण ते अशा पद्धतीने बांधलेलं की पहिल्या कारकुनाला ते दिसतच नाही. सलीमने नवी डिस्क आणली ती रस्त्याकडेची करून. दुसऱ्या कारकुनाने तिला शेवटची जागा दिली. पहिल्याने तिला रस्त्याकडेची म्हणून पुढे घेतलं, डी दिलं, आणि शोभावहिनींना एक जागा मागे सरकवून ई दिलं. कोणी काही पुसलं नव्हतं. कोणी काही भरलं नव्हतं. वेल हललीच नव्हती. पाटी बदलली होती.

मशीन दुसऱ्या कोणाचं असतं तर त्याने डी मध्ये सापडलं नाही म्हणून ई उघडून पाहिलं असतं. इथे ई जावेची होती.

“मंग फोटो?” गजाननने विचारलं.

फोटो शोभावहिनींनी पुसले होते. ते मी सांगायची गरज पडली नाही. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या.

दुकानातल्या फोनवरून मी सलीमला लावून पाहिलं. तो सकाळी कामासाठी संग्रामपूरला गेला होता, आता परतला होता. मी विचारलं, डिस्क बसवल्यावर ९८ चालू करून पाहिलं होतं का?

“नाई भाऊ,” तो लगेच म्हणाला. “एक्सपीतच पाह्यलं. दुपार होती ना, वैशालीवहिनीची पाळी. शोभावहिनीची उशी बाजूले ठेवलेली. त्यायचं विंडोज त्यायच्या माघारी कसं खोलू? सकाळी येतो म्हटलं, तं राह्यलं.”

हे वाक्य मला गैरसोयीचं होतं. त्याने डिस्क रस्त्याकडेची न करता गल्लीतली केली असती, तर हा प्रकार घडला नसता. पण दोन्ही पद्धती चालतात, आणि ९८ न तपासण्याचं कारण त्या घरात कोणालाही पटेल असंच होतं. फोन ठेवल्यावर गजाननने विचारलं, “सलीमभाऊनं चूक केली का?”

“डिस्क दोन प्रकारे लावता येते,” मी म्हणालो. “त्याने एक प्रकार निवडला. दुसरा बरा होता.”

“म्हंजे चूक नाई.”

“नाही.”

पुसलेली फाइल लगेच जात नाही. यादीतल्या तिच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं खोडलं जातं, आणि ती जागा मोकळी समजली जाते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं नाही तोवर आतला मजकूर तसाच असतो. गजाननने मशीन बंद ठेवलं होतं हे या घटनेतलं सर्वांत उपयोगाचं काम होतं. माझ्याकडच्या सीडीवर फाइल परत काढायचा एक छोटा प्रोग्रॅम होता. तो प्रत्येक फाइलचं उरलेलं नाव दाखवी आणि खोडलेलं पहिलं अक्षर आपल्याला विचारी. काढलेलं पुन्हा त्याच डिस्कवर ठेवायचं नसतं, दुसरी जागा लागते. ९८ मधून लिहिता येईल अशी मोठी जागा एकच होती.

“माह्या केसमधी ठेवा,” शोभावहिनी खालूनच म्हणाल्या.

मग त्या उठल्या. वैशालीवहिनी खुर्चीवरून बाजूला झाल्या. खुर्चीवर उशी वैशालीवहिनींची होती. शोभावहिनींनी ती बदलली नाही.

“पह्यलं अक्षर काय होतं?” त्यांनी विचारलं.

“कॅमेऱ्यातलंच नाव आहे ताई. सारे डी पासूनच.”

शोभावहिनी डी दाबत गेल्या. एक फोटो, एक डी. वैशालीवहिनी मागे उभ्या राहून आलेला फोटो उघडून पाहायला सांगत आणि बाळ कोणाचं ते सांगत. कोथळीचं. धामणगावचं. हे जुळ्यातलं एक. मधेच त्या म्हणाल्या, “ह्याच्या पत्रिकेले वेल चांगली दिसन.” शोभावहिनींनी पुढचा डी दाबला.

संध्याकाळी सलीम आला. दारातच म्हणाला, “काय वहिनी, मले भंगाराच्या डब्यात टाकलं म्हंते!” दोघी हसल्या. गजाननही हसला. दिवसभर माझ्या कामादरम्यान कोणी हसलं नव्हतं. सलीमने चहा मागवला. मी तोवर नवी डिस्क गल्लीतली करून घेतली, म्हणजे डी दोन्हीकडे डीच राहील, आणि परत आलेले फोटो तिच्यावर ठेवले. फोटोंना ९८ मध्ये ई आणि एक्सपीत एफ हेच अक्षर येणार होतं, ते टाळता येत नव्हतं. म्हणून मी दोन्ही भागांना नावं दिली, ‘काम’ आणि ‘फोटो’. अक्षर कारकून बदलतो, आपण दिलेलं नाव बदलत नाही. हा या धंद्यातला एकच सल्ला मी सर्वांना देत आलो. सलीमने तो ऐकला आणि म्हणाला, “हे बेस केलं भाऊ.” शोभावहिनींनी मला विचारलं, ही नावं सलीमभाऊले माहीत राहतील ना?

बहुतेक फोटो आले. काही अर्धे आले: बाळाचं कपाळ, डोळे, आणि त्याखाली राखाडी पट्टा. त्या घरांत वैशालीवहिनी जाऊन नवे फोटो काढून आल्या. शोभावहिनी सोबत गेल्या होत्या असं गजानन म्हणाला. मला ते पडताळता आलं नाही.

खंडेनवमीला मशीनची पूजा झाली. दुकान वेगळं झालं नाही.

पुढच्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या घरून मला बारशाची पत्रिका आली. मध्ये बाळाचा रंगीत फोटो होता, भोवती बाबांची वेल. मागे छापलं होतं, ‘डिझाइन : शोभा – वैशाली’. बाजाराच्या दिवशी मी मोताळ्याला गेलो तेव्हा त्या दुकानात डोकावलो. खुर्चीवर दोन उश्या एकावर एक होत्या आणि वर शोभावहिनी बसल्या होत्या. मॉनिटरच्या कडेच्या जुन्या पट्ट्या काढलेल्या होत्या. नव्या पट्ट्यांवर ‘काम’ आणि ‘फोटो’ लिहिलं होतं.

खाली कॉम्प्युटरच्या डब्यावर सलीमच्या दुकानाचं स्टिकर होतं, फोन नंबरसह.